पुसलेले फोटो परत येतात तेव्हा

या वेळच्या पत्रांत मेमरी कार्डांचा गठ्ठा सगळ्यात जाड आहे. गणपती नुकतेच गेलेत, त्यामुळे नवल नाही. मिरवणुकीत फोन वर धरून काढलेल्या व्हिडिओंनी मुंबईतली निम्मी कार्डं भरली असणार. बहुतेक पत्रांचा शेवट एकच आहे : "कार्ड खराब झालंय का?" परळला माझ्या रिपेअरिंगच्या टेबलासमोर येऊन उभं राहणारं गिऱ्हाईकही हेच विचारतं. मी उलट विचारते, खराब म्हणजे नेमकं काय होतंय? त्याचं नीट उत्तर मिळालं की अर्धं निदान तिथेच होतं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्यातला बिघाड सगळ्यात फसवा आहे.

प्रश्न : ताई, माझ्या फोनात ३२ जीबीचं कार्ड आहे, बरंच जुनं. जागा संपली म्हणून गेल्या वर्षीचे व्हिडिओ पुसले. जागा मोकळी दिसली. मग विसर्जनाचे नवे व्हिडिओ काढले, गॅलरीत त्यांची छोटी चित्रंही दिसली. रात्री फोन बंद करून चालू केला, तर नवे व्हिडिओ गायब आणि पुसलेले सगळे जागच्या जागी! मग कार्ड फॉरमॅट केलं, 'झालं' असा मेसेज आला. फोन परत चालू केला तर पुन्हा तेच जुने व्हिडिओ. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे. मंडळातला एक मुलगा म्हणतो अ‍ॅडॉप्टरवरचं लॉक सरकलं असेल. कोणाचं खरं? — लालबागचे एक कार्यकर्ते

उत्तर : दोघांचंही नाही. व्हायरस फाइली लपवतो, नावं बदलतो. पण फॉरमॅट केलेल्या कार्डावर जुने व्हिडिओ त्याच नावाने, त्याच तारखेने परत मांडून ठेवणं त्याच्या बापाला जमणार नाही. लिहिणं अडवणारी लॉकची पट्टी असते ती मोठ्या अ‍ॅडॉप्टरवर, म्हणजे छोटं कार्ड ज्यात सरकवून कॉम्प्युटरला लावतात त्या खोक्यावर. फोनातल्या छोट्या मायक्रोएसडी कार्डाला ती नसतेच. अ‍ॅडॉप्टरवरची पट्टीसुद्धा आत कशाला जोडलेली नसते, ती कुठे सरकलीय एवढंच कार्ड वाचणारा रीडर चाचपतो. तुमचं कार्ड थेट फोनात होतं, तिथे अ‍ॅडॉप्टर आला कुठून? आणि लॉक असतं तर मशीनने तोंडावर नकार दिला असता, 'झालं' म्हणून खोटं सांगितलं नसतं.

तुमच्या कार्डाने लिहिणं सोडलंय. वाचणं चालू आहे. कार्डाच्या आत दोन गोष्टी असतात : माहिती साठवणारी फ्लॅश चिप आणि तिच्यावर हुकूम चालवणारा छोटा कंट्रोलर. फ्लॅशची पेशी कितीही वेळा वाचता येत असली, तरी ती पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. हल्लीच्या स्वस्त कार्डांत एकाच पेशीत तीन बिट कोंबलेले असतात, तिथे ही मर्यादा साधारण हजाराच्या घरात येते. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी महागडी चिप लाखभर वेळा टिकायची. एकाच कोपऱ्यावर भार पडू नये म्हणून कंट्रोलर लिखाण सगळीकडे फिरवत राहतो, आणि काही जागा राखीव ठेवतो. ती राखीव जागाही संपली की कंट्रोलर दार लावून घेतो : आता आहे ते वाचा, नवं काही घेणार नाही. काही कार्डं हे उघड सांगतात. तुमचं कार्ड मान डोलावतं आणि करत काहीच नाही.

मग पुसलेलं मोकळं कसं दिसलं? फोन स्वतःच्या मेमरीत हिशोब ठेवतो आणि तोच तुम्हाला दाखवतो. गॅलरीतली छोटी चित्रंही फोनाच्या आत साठतात, कार्डावर नाही. फोन बंद झाला, हिशोब पुसला गेला, आणि चालू झाल्यावर फोनाने कार्डाला नव्याने विचारलं. कार्डाने खरं ते सांगितलं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. पण दोष कार्डाचा की फोनाच्या खाचेचा, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी नुसती अदलाबदल पुरते. एखादं नवं, मोकळं, चांगलं चाललेलं कार्ड तुमच्या फोनात घाला. ते नीट लिहिलं गेलं तर खाच चांगली. मग तुमचं कार्ड दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला रीडरने लावा, त्यावर एक छोटी मजकुराची फाइल टाका, 'इजेक्ट' करा, कार्ड हातात काढून घ्या आणि पुन्हा लावा. हे काढून घेणंच महत्त्वाचं आहे. नाहीतर कॉम्प्युटरही फोनासारखा स्वतःच्या हिशोबातलंच दाखवतो. फाइल नसेल तर विषय संपला. एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्ड, रीडर आणि कॉम्प्युटर तिन्ही एकदम बदलून "आता चाललं" म्हणणारे माझ्याकडे रोज येतात, आणि नक्की काय बिघडलं होतं ते त्यांना कधीच कळत नाही.

कार्ड वाचतंय तोवर आजच सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आधी घरचे फोटो, मग मंडळाचे, आणि ज्यांच्यावाचून अडत नाही ते शेवटी. असं कार्ड किती दिवस वाचू देईल, हे कोणीच सांगू शकत नाही. 'कार्ड रिपेअर' नावाची अ‍ॅप्स टाकू नका. झिजलेली पेशी अ‍ॅपने भरून निघत नाही.

विसर्जनाचे नवे व्हिडिओ कार्डावर पोचलेच नाहीत, त्यामुळे ते काढून द्यायला कोणाला पैसे देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवले असतील तर त्यांच्याकडून मागवा.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही. हे कार्ड आता तुम्ही पुसूच शकत नाही. त्यामुळे ते एक्स्चेंजमध्ये देऊ नका, भंगारात टाकू नका. वॉरंटी शिल्लक असली तरी विचार करा, कारण कार्ड परत पाठवताना त्यावरचे घरातले फोटोही सोबत जातात. नवं कार्ड काही शेकड्यांत येतं. मी असल्या कार्डाचे पकडीने तुकडे करते आणि तुकडे दोन वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाकते. अति वाटलं तर वाटू द्या.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. स्टेशनबाहेरच्या पथारीवरून ५१२ जीबीचं कार्ड साडेतीनशे रुपयांत घेतलं. फोनातही ५१२ दिसतं, कॉम्प्युटरवर मात्र ४७६. सुरुवातीला मस्त चाललं. आता नवे फोटो राखाडी दिसतात, व्हिडिओ चालत नाहीत, पण फाइलचा आकार बरोबर येतो. ३६ जीबी कोणी खाल्ले? — विक्रोळीची एक विद्यार्थिनी

उत्तर : ते ३६ कोणी खाल्लेले नाहीत. कार्ड बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्या मापाने ५१२ चे ४७६ होतात, ६४ चे साडेएकोणसाठ. खऱ्या कार्डातही असंच दिसतं.

गेलंय ते वेगळंच. साडेतीनशेत ५१२ जीबी मिळत असतं, तर लॅमिंग्टन रोडवरचे बिल देणारे दुकानदार दुकानं बंद करून तुझ्या पथारीवाल्यासमोर रांगेत उभे राहिले असते. वहीला पाचशे पानांचं कव्हर आणि आत तीस पानं, असा हा माल. कंट्रोलरला खोटा आकडा पढवलेला असतो आणि तोच तो फोनाला सांगतो. खरी चिप ३२ जीबीची असेल, कदाचित १६ ची. तेवढं भरेपर्यंत सगळं खरं चालतं, म्हणून तुझे सुरुवातीचे दिवस मजेत गेले. त्यापुढचं काही कार्डं सरळ फेकून देतात, काही पहिल्यापासून वर लिहायला लागतात. फाइलींच्या नावांची आणि आकारांची यादी कार्डाच्या सुरुवातीला, खऱ्या जागेत असते. म्हणून यादी अगदी शहाण्यासारखी दिसते आणि आत काही नसतं.

खात्री करायची तर आधी उघडणाऱ्या सगळ्या फाइली कॉम्प्युटरवर घे आणि कार्ड रिकामं कर. मग विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं एक जुनं, फुकट जर्मन सॉफ्टवेअर आहे, ते चालव. भाषा इंग्रजी निवडता येते. लिनक्स किंवा मॅक असेल तर 'एफ३'. दोन्ही एकच काम करतात : कार्ड काठोकाठ ओळखीच्या माहितीने भरायचं आणि मग वाचून जुळवायचं. जिथे जुळणी संपते, तिथे तुझं खरं कार्ड संपतं. सेकंदाला १० एमबी वेगाने ५१२ जीबी लिहायला चौदा तास लागतात, वाचणं वेगळं. तेव्हा रात्री लाव. पहिल्या तीसेक जीबीनंतरच चुका यायला लागल्या तर पुढचं थांबव, निकाल लागलाय.

राखाडी फोटो परत मिळणार नाहीत. ते पुसले गेलेले नाहीत, मुळात साठलेच नव्हते किंवा त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलंय. रिकव्हरीवाला 'बघतो' म्हणाला तरी पैसे देऊ नकोस. आणि खऱ्या ३२ जीबीपुरतंच हे कार्ड वापरावं का, असा प्रश्न तुझ्या मनात येईलच. येऊ दे, आणि मग कार्ड फेकून दे. ज्याने आकडा खोटा लावला, त्याने चिप तरी चांगली घातली असेल कशावरून?

प्रश्न : लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर कॉपी करताना घाईत रीडर उपटला. आता कार्ड लावलं की कॉम्प्युटर फॉरमॅट करायला सांगतो. भाऊ म्हणतो विंडोजचं दुरुस्तीचं 'चेकडिस्क' चालव. चालवू का? — दादर

उत्तर : दोन्ही नको. अजून काहीही करू नका. फोनातही घालू नका, फोन लगेच त्यावर आपली फोल्डरं तयार करायला लागतो.

विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये कार्डाचा आकार काय दिसतो ते बघा. पूर्ण दिसत असेल तर कंट्रोलर जिवंत आहे, बिघडलीय ती फाइलींची यादी, आणि तुमचे फोटो बहुतेक आत आहेत. 'नो मीडिया' किंवा काही एमबी इतका विचित्र आकडा येत असेल, आणि दुसऱ्या रीडरमध्येही तेच होत असेल, तर घरच्या सॉफ्टवेअरचं काम नाही. मायक्रोएसडीत चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात. प्रयोगशाळेत वरचा थर खरवडून आतल्या जोडण्यांना तारा लावाव्या लागतात. ते होतं, पण खर्च मोठा असतो, आणि आधी आकडा विचारल्याशिवाय कार्ड सोडू नये.

आकार बरोबर असेल तर आधी कार्डाची हुबेहूब प्रत काढायची. लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू', विंडोजवर 'विन३२ डिस्क इमेजर'. त्यात 'रीड'चं बटण दाबायचं. शेजारीच 'राइट' आहे, तिथे बोट गेलं तर लग्न पुन्हा करावं लागेल. मग त्या प्रतीवर 'फोटोरेक' चालवा, ते फुकट आहे. फोटोरेक यादीकडे बघतच नाही. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात 'एफएफ डी८ एफएफ' या ठरलेल्या बाइटांनी होते, असल्या खुणा शोधून ते फोटो वेचतं. त्यामुळे मूळ नावं जातात. तुकड्यातुकड्यांत साठलेले मोठे व्हिडिओ अर्धवट मिळतात, फोटो मात्र बरेच हाती लागतात. सापडलेलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवा, त्याच कार्डावर नाही.

चेकडिस्क वाईट नाही. पण त्याला यादी सुसंगत करण्याशी मतलब, फोटो वाचवण्याशी नाही. जमलं नाही ते तो 'सीएचके' शेपटीच्या फाइलींत कोंबतो किंवा सोडून देतो. भावाला सांगा, प्रत हातात आल्यावर हौस भागव.

प्रश्न : मी ज्येष्ठ नागरिक आहे. जुन्या फोनचा टच बंद पडल्याने नवा घेतला. जुन्यातलं कार्ड नव्यात घातलं तर 'सपोर्ट करत नाही, फॉरमॅट करा' म्हणतो. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं. त्यात नातीचे लहानपणीचे फोटो आहेत. जुना फोन कपाटात आहे. — गिरगाव

उत्तर : काका, कपाटातला फोन कोणालाही देऊ नका. 'फॅक्टरी रीसेट' तर मुळीच करू देऊ नका. कार्ड बहुधा धडधाकट आहे.

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनांत कार्ड पहिल्यांदा घातलं की विचारतात : नुसतं फोटो ठेवायला वापरू, की फोनाचाच भाग करून टाकू? दुसरा पर्याय निवडला तर कार्ड कुलूपबंद होतं आणि किल्ली त्याच फोनाच्या पोटात राहते. दुसऱ्या कुठल्याही मशीनला ते कार्ड कोरं किंवा बिघडलेलं वाटतं. घरातल्या कोणाला तरी कार्ड कॉम्प्युटरला लावून डिस्क मॅनेजमेंट उघडायला सांगा. १६ एमबीचा एक छोटा भाग आणि पुढे अनोळखी मोठा भाग दिसला, तर हेच झालंय. तिथे 'फॉरमॅट करू का?' विचारलं तर नाही म्हणा.

मग कार्ड जुन्या फोनात परत घाला आणि फोन चार्ज करा. स्क्रीनवर चित्र दिसत असेल आणि नुसता टच चालत नसेल, तर ओटीजी अ‍ॅडॉप्टर, म्हणजे फोनाच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा जोड, आणून त्याला कॉम्प्युटरचा साधा माउस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत स्क्रीनवर बाण येतो, त्याने तुमचा पिन दाबता येतो. मग ब्लूटूथने फोटो नव्या फोनात पाठवा, किंवा वायफायवर गुगल फोटोजमध्ये चढवा. माउसही चालला नाही तर डिस्प्ले बदलून घ्या. टाकाऊ फोनावर खर्च कशाला, असं दुकानदार म्हणेल. त्याला नात नसेल.

१६ एमबीचा भाग दिसलाच नाही, तर कॉम्प्युटरवर कार्ड सरळ उघडतंय का ते बघा. उघडत नसेल तर वरचं दादरचं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : पावसाळ्यात फोन भिजला. आता कार्ड कधी दिसतं, कधी नाही. तांदळात ठेवलंय. — भांडुप

उत्तर : तांदूळ परत डब्यात टाका. कार्ड हा बंद प्लास्टिकचा तुकडा आहे, पाणी त्याच्या आत सहसा जात नाही. जातं ते फोनाच्या खाचेत. कार्डाच्या मागच्या आठ सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या मऊ कापडाने हलके पुसा, वाळू द्या. खोडरबर घासू नका, सोनेरी थर फार पातळ असतो. खाचेत टाचणी घालू नका, आतल्या स्प्रिंगा वाकल्या तर कार्डाचं दुखणं फोनाला लागेल. पुसलेलं कार्ड आधी दुसऱ्या रीडरमध्ये बघा. तिथे न अडखळता चाललं तर खाच साफ करून घ्यायला फोन दुकानात न्या. कार्ड घालताच तापत असेल किंवा फोन आपोआप बंद पडत असेल, तर ते लगेच काढा आणि पुन्हा कशातच घालू नका. आत शॉर्ट झालंय.

प्रश्न : टॅक्सीत डॅशकॅम लावलाय. चांगल्या कंपनीची कार्डंसुद्धा काही महिन्यांत मान टाकतात. कॅमेरा खराब आहे का? — कुर्ला

उत्तर : कॅमेरा बिचारा सांगितलेलं काम करतोय. तासाला पाच-सहा जीबी धरले तर बारा तासांच्या पाळीत ६४ जीबीचं कार्ड रोज एकदा पूर्ण भरतं, पुसलं जातं, परत भरतं. लालबागच्या कार्डाला झिजायला वर्षं लागली, तुमचं त्याच वाटेने धावत चाललंय. पाकिटावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली कार्डं याच कामासाठी असतात, ती घ्या. कार्डावरच्या यू३ किंवा व्ही३० या खुणा वेग सांगतात, टिकाऊपणा नाही. त्या बघून फसू नका. शक्य असेल तर दुप्पट आकाराचं घ्या, भरायला दुप्पट वेळ लागेल. आणि महिन्यातून एकदा कार्ड काढून कालचा व्हिडिओ खरंच उघडतोय का ते बघा. कॅमेऱ्याचा लाल दिवा कार्ड मेल्यावरही लुकलुकत राहू शकतो, आणि ते कळायला अपघाताच्या दिवसाची वाट बघायला नको.